कोठारावरची जाळी

मोहिनीनं जेवणघराच्या भिंतीतल्या पितळी जाळीवर बोट टेकवलं आणि पाहुण्यांना जवळ बोलावलं. केजजवळचा हा बंगला बांधणाऱ्या आर्किटेक्टचं नाव आता पुस्तकांतून शिकवतात, पण त्याची खरी करामत इथं आहे, ती म्हणाली. जाळीमागची पोकळी थेट खालच्या कोठारात उतरते. वारा खेळतो, ज्वारीला ओल धरत नाही. शिवाय खाली कुणी धान्याला हात लावला तरी वर मालकिणीला जाळीतून ऐकू यायचं. बाहेर मात्र भिंती इतक्या जाड, की दाराशी उभ्या माणसालाही काही ऐकू जात नाही.

त्या मालकीणबाई, मोहिनीच्या सासू वनमालाबाई, जाळीखालीच खुर्चीत बसल्या होत्या. समोर त्यांचे यजमान राधाकिशनराव यांची तसबीर, हार घातलेली. लग्न होऊन आल्यापासून आईंची बसायची जागा हीच, मोहिनीनं कौतुकानं सांगितलं.

पाहुण्यांसोबत आलेल्या संगीतानं शेजारी उभ्या आपल्या आईकडे पाहिलं. ताराबाई जाळीकडे बघत होती.

संगीता पोटात असताना तिच्या मेंढपाळ बापाला, सटवाला, राधाकिशनरावांनी याच कोठारात मरेस्तोवर मारलं होतं. सटवानं राधाकिशनरावांच्या आधी शेजाऱ्याच्या रानात लेंडीखतासाठी मेंढ्या बसवल्या, एवढंच कारण. ताराबाई दाराबाहेर बसून होती, तिला काही ऐकू आलं नाही. वनमालाबाईंनी कोर्टात शपथेवर सांगितलं, मी वर जेवणघरात होते, मलाही काही ऐकू आलं नाही. राधाकिशनराव सुटले.

कुणीतरी खाली जाऊन हळूच बोला, मोहिनी म्हणाली, गंमत बघा.

"म्या जाते," ताराबाई म्हणाली आणि काठी टेकत जिना उतरली.

सगळे जाळीपाशी गोळा झाले. एकानं मोबाईल वर धरला. जरा वेळानं आवाज आला, कानाशी बोलावं इतका जवळून.

"म्या तारा. सटवाची बायकू."

आईच्या तोंडून बापाचं नाव संगीता पहिल्यांदाच ऐकत होती. पाहुणे हसले, कुणी टाळी वाजवली. वनमालाबाईंनी मान वर केली नाही.

मग काठी पडली. ज्वारीच्या पोत्यावर पडली असावी, आवाज जड आणि मऊ होता. पुन्हा पडली. पुन्हा. प्रत्येक घावामागून ताराबाईचा हुंकार येत होता, मारणाऱ्याच्या तोंडून निघतो तसा. पोतं फाटलं. ज्वारी फरशीवर सांडताना ऐकू आली, तरी काठी पडतच होती. मोबाईल धरलेला हात खाली आला. मावशी, बास करा, मोहिनी जाळीत वाकून म्हणाली. घाव आणखी जोरानं पडू लागले.

वनमालाबाईंचं अंग प्रत्येक घावाला हादरत होतं. त्यांनी कानांवर हात दाबले, काढले. मग सुनेला बाजूला सारून त्या उठल्या आणि जाळीला तोंड लावलं.

"अहो, पुरं करा," त्या म्हणाल्या. "पाणी मागायलाय तो."

पाणी कुणीच मागितलं नव्हतं.

खाली काठी थांबली. जाळीतून ताराबाईचा श्वास तेवढा येत राहिला, वर प्रत्येकाला ऐकू जाईल असा.