मेलीस!

जोनेलला कालच गाडीचं लायसन्स मिळालं होतं. आज चर्चहून आल्या आल्या बाबांनी तिला दारातल्या गाडीत बसवलं आणि स्वतः पोलिसाचं सोंग घेऊन खिडकीशी उभे राहिले.

"कागद दाखव."

जोनेलने डॅशबोर्डच्या खणाकडे हात नेला.

"मेलीस!" बाबा ओरडले. "आधी विचारायचं, साहेब, हात हलवू का?"

"पण माझ्या हातात काहीच नाहीये!"

"ते पोलिसाला कळेल, पण तुला गोळी घातल्यावर. पुन्हा."

"शेजारच्या गोऱ्या केटीला तिच्या बाबांनी नुसतं पार्किंग शिकवलं. आपण काळे म्हणून मला हे सगळं? आणि तू तर स्वतः पोलिसात आहेस! तुझ्या पोरीला कोण हात लावणार?"

बाबांनी तिला खाली उतरवलं, स्वतः आत बसले आणि दोन्ही पंजे स्टीअरिंगवर पसरून ठेवले.

"आता तू पोलीस हो," ते म्हणाले. "उद्या मी रिटायर होतोय. वर्दी परत करायचीय."