नीचे से काट दो
पोटातलं मूल गेल्यापासून सायली हसली नव्हती, म्हणून प्रतापराव लेकीला पक्षी बघायला हैदराबादहून समुद्रातल्या बेटावर घेऊन गेले. तिथं वाळूत ती अनवाणी उभी असताना इवलासा चिखल्या पक्षी पंख मोडल्यासारखा ओढत तिच्यापुढे लंगडायला लागला. “हलू नको, हस की गं!” म्हणत त्यांनी दोघांचा फोटो काढला. ती हसली. आज हैदराबादेत आबिड्सच्या बाजारातल्या फ्रेमवाल्यानं तोच फोटो मोठा करून समोर धरला. प्रतापराव चष्मा सावरून फोटोवर वाकले. लेकीच्या टाचेखाली ठिपक्याठिपक्यांची अंडी चिरडली होती. पक्ष्याचा पंख धडधाकट होता. घरट्यापासून माणसांना लांब न्यायचं सोंग होतं ते. “भाई, नीचे से काट दो.” “पैरां कट जाते, साब!” “कटने दो.” मागून, दुकानाच्या दारातून सायलीचा आवाज आला, “राहू द्या, बाबा. पायाखाली फुटलं ते तेव्हाच कळलं होतं. तुम्ही ‘हस’ म्हणालात.”