दादांसोबत राहणारा

"दादांना मीच भरवायचो, साहेब." साक्षीच्या पिंजऱ्यात विद्याधरने डोळे पुसले.

वडिलांची, म्हणजे दादांची, गिरगावातली जुन्या भाड्याची खोली त्यांच्यासोबत राहणाऱ्या वारसालाच मिळणार होती. विद्याधर ठाण्याहून दिवाळीला यायचा आणि फराळ करून जायचा. दादांचं हागणं-मुतणं बहिणीने, कुंदाने, काढलं होतं. त्या खोलीखेरीज तिच्या डोक्यावर छप्पर नव्हतं.

"दादांचा कोणता हात लुळा पडला होता?" तिच्या वकिलाने विचारलं.

लहानपणी गृहपाठ अडला की बघायचा, तसंच विद्याधरने तिच्याकडे बघितलं. कुंदाने मान फिरवली.

"उजवा," तो म्हणाला.

"डावा," वकील म्हणाला. "उजव्या हाताने ते शेवटपर्यंत स्वतःच जेवायचे."

बाहेर व्हरांड्यात त्याने तिला गाठलं. "मान काय फिरवतेस, कुंदे? खूण तरी करायचीस ना!"