मातीचे डोहाळे

आशाला डोहाळे लागले ते मातीचे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिचा शब्द भागीबाई खाली पडू देईल होय? नाल्याकडच्या बांधावरची काळी ढेकळं ती रोज खणून आणायची, खडे निवडायची, किडामुंगी राहू नये म्हणून तव्यावर खरपूस भाजायची आणि लेकीच्या तळहातावर ठेवायची.

"खाय गं बाय. पोटातलं लेकरूच मागतंय ते."

आठव्या महिन्यात आशाला झटके आले. नाशिकला दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला दिलं. तपासणीचा कागद हाती आला त्याच दिवशी बाळ मेलेलं जन्मलं.

"हिच्या रक्तात शिसं सापडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या नाल्याला कारखान्यांचं पाणी येतं, काठच्या मातीत तेच मुरलंय. हिच्या पोटात काही भलतंसलतं गेलं होतं का?"

आशानं आईकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नाय मॅडम. आयेच्या हातचंच खाल्लं."

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बांधावरच खड्डा खणला, फडक्यात गुंडाळलेलं बाळ आत ठेवलं. एकेकानं मूठ मूठ माती लोटली. जावई भागीबाईला म्हणाला, "मामी, तुम्ही पण द्या."

भागीबाईनं वाकून माती उचलली. पण मूठ काही केल्या उघडेना. याच बांधावरची माती ती त्या लेकराला रोज देत आली होती, खडे निवडून, भाजून.