गार हवा

"काका, एसी गार हवाच देत नाहीये. आजच्या आज होईल ना?" गाडीतून उतरता उतरता बाईंनी विचारलं.

मेकॅनिकने तपासलं. गॅसचा दाब मोजणारा सेन्सर गेला होता, त्यामुळे कॉम्प्रेसर सुरूच होत नव्हता. सेन्सर अशा अडचणीच्या जागी, की पुढचं चाक काढल्याशिवाय हात पोचेना. चाक काढून त्याने नवा सेन्सर बसवला, एसी लावून पाहिला. दोन मिनिटांत गाडी गारेगार.

चाक परत चढवताना मात्र त्याचा हात थांबला. ब्रेकच्या रबरी पाइपवर ब्लेडने मारलेला ताजा काप होता. तेल अजून गळत नव्हतं, पण उतारावर दोन-चारदा जोरात ब्रेक दाबला असता तर पाइप फुटलाच असता.

बाईंच्या गालावरचा काळानिळा डाग मघाशी त्याने बघून न बघितल्यासारखा केला होता. आता राहवेना. त्याने त्यांना जवळ बोलावून काप दाखवला.

"ताई, हे आपोआप झालेलं नाही. कोणीतरी तुमच्या जिवावर उठलंय. मी पाइप बदलतो, तोवर भावाला नाहीतर वडिलांना बोलावून घ्या. एकट्या घरी जाऊ नका."

बाईंनी वाकून पाइप नीट पाहिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.



"तो तसाच राहू द्या, काका. उद्या घाटात आमचे हे एकटेच गाडी घेऊन जाणार आहेत, आणि एसी बंद असला की ते गाडीला हातच लावत नाहीत."