शिंदखेड्याची थैली

"मधल्यांना आतलं दिसत नाही का रे?" उखर्डूनानांनी विचारलं.

"नाही, नाना. बघायचंही नसतं."

नानांचा मुलगा अभिमन पुण्याच्या संगणक संस्थेतून दोन दिवसांसाठी शिंदखेड्याला आला होता. नव्याण्णव साल होतं. इंटरनेटवर निरोप पाठवायची नवी पद्धत येत होती, पण वाटेतल्या जुन्या यंत्रांना ती कळत नव्हती. म्हणून अभिमनचे लोक नवा निरोप जुन्या पाकिटात घालत. यंत्रं वरचा पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलत. ते उघडायचं थेट पलीकडच्या टोकाला.

नाना खदखदून हसले. "मंग यामा नवं काय शे? टपालखातं मला याचाच पगार देत होतं! भुसावळहून लाखबंद थैली यायची, वर लिहिलेलं शिंदखेडा. जळगाव स्टेशनात उतरवून घ्यायची, सुरतेच्या गाडीत चढवायची. तीस वर्षांत एक सील मोडलं नाही मी."

"मग तुम्हीच या पुण्याला शिकवायला."

भाकरी थापणाऱ्या अभिमनच्या आईचा, यशोदाबाईंचा, हात थांबला.

सावद्याला दिलेली त्यांची लेक बेबा चौदा वर्षांपूर्वी काविळीनं गेली. बुधवारी. मातीहून परतल्यावर पोस्टमननं तिचंच पत्र यशोदाबाईंच्या हातात ठेवलं. 'माय, इथे नुसता झाडपाला चालू आहे. नानांना लगेच पाठव, दवाखान्यात न्यायला.' वर सावद्याचा सोमवारचा शिक्का. म्हणजे मंगळवारी ते शिंदखेड्याच्या थैलीत, जळगावात होतं. नानाही जळगावात, कामावर होते. तिथून सावदा एसटीनं दीड तास.

यशोदाबाईंनी ते पत्र लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. नानांना कधी कळू दिलं नाही. माणूस जगायला हवा होता.

अभिमन आंघोळीला गेला. नाना उठून चुलीपाशी येऊन बसले. आता ते हसत नव्हते.

"अभिमनची माय, त्या शालूला कसर लागलीय. बेबाचं पत्र दुसरीकडे ठेव."

तव्यावरची भाकरी करपू लागली. यशोदाबाईंना ती उलटायचं सुचेना.

"तुम्ही... कधी पाहिलंत?"

"तिच्या वर्षश्राद्धाला. किल्ली कुठे असते, ठाऊक होतं." नानांनी स्वतःच भाकरी उलटली. "मंगळवारची थैली मीच चढवली गाडीत. फार हलकी होती."