गुडघ्याचं निमित्त

गुडघा धरून आण्णासाहेब करंजाखालच्या बाकावर बसले. "तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "माझ्यानं आता चालवत न्हाय."

हर्षाली थांबली. गळ्यातला कॅमेरा तिनं ओढणीखाली झाकून धरला होता. "मग मीही बसते, आण्णा."

"तू कशाला बसतीस? सर हायेत की सोबत. जा, काढ फोटो."

ती दोन पावलं गेली, वळून बघितलं, पुन्हा गेली. आण्णासाहेबांनी गुडघा सोडला. गुडघा ठणठणीत होता. सकाळी लोहाऱ्याच्या चौकात सुटलेली जीप त्यांनीच पळत जाऊन थांबवली होती.

उमरग्याबाहेरच्या एका कॉलेजच्या वनस्पती बागेत ही फोटो काढत फिरायची फेरी होती. दसरा होऊन गेला तरी परतीचा पाऊस हटत नव्हता. छत्र्या घेतलेली, रेनकोट घातलेली दहा-पंधरा माणसं पानापानापाशी वाकत होती. सगळ्यांना फिरवत होते अमरसिंह सर, तिथंच वनस्पतीशास्त्र शिकवणारे. या फेरीचा निरोप मोबाईलवर आला तेव्हा हर्षालीनं तो जेवताना वाचून दाखवला आणि वर म्हणाली, "एवढ्या पावसात कोण मरायला जातंय!" सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली, आभाळ फुटल्यासारखं. पण कुणी नको म्हटलं की आण्णासाहेब हट्टाला पेटायचेच, तसे पेटले. जायचं म्हणजे जायचं. कुलदीपचा कॅमेरा त्यांनी स्वतः कपाटातून काढून तिच्या हातात दिला. "नुसता ठिवून बुरशी चढंल त्याला," एवढंच म्हणाले.

कुलदीप त्यांचा एकुलता एक मुलगा. काविळीनं गेला. दिवसकार्य उरकल्यावर हर्षालीच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली, तर ही सून म्हणाली, "आण्णांच्या गोळ्या कोण बघणार?" आणि राहिली ती राहिलीच. उमरग्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी धरली. संध्याकाळी ती जीपमधून उतरली की घरात बोलणं सुरू व्हायचं, तोवर भांडीसुद्धा आवाज करत नसत. गेल्या महिन्यात ती केस विंचरत उंबऱ्यात बसली होती. आण्णासाहेबांना तिच्या कानामागं एक पांढरा केस दिसला. तिचं वय ते काय!

अमरसिंहांचं नाव त्यांनी तिच्याच तोंडून ओझरतं ऐकलं होतं. आईला दवाखान्यात घेऊन येतात, साधे आहेत, असं काहीतरी. आण्णासाहेबांनी ते डोक्यात ठेवलं. हायवेवरच्या टायरवाल्या भीमाशंकरकडून गुपचूप माहिती काढली. लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही, तंबाखूसुद्धा खात नाही, आईचं सगळं स्वतः करतो. मग त्यांनी बायकोच्या, कडूबाईंच्या कानावर घातलं. कडूबाई भाकरी थापत होत्या. "ती गेल्यावर घरात बोलायचं कुणासंगं?" त्या म्हणाल्या. तव्यावरची भाकरी उलटली आणि पदरानं डोळे पुसले. "पर जाऊ द्या तिला. आपुन किती दिस पुरनार हाव?"

म्हणून हा गुडघा.

पण घडलं भलतंच. अमरसिंहांनी बाकीच्यांना कमळाच्या टाक्याकडं पाठवलं, हर्षालीलाही हातानं पुढं जायची खूण केली आणि स्वतः येऊन आण्णासाहेबांच्या शेजारी बसले. आपली छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. थर्मासमधला चहा ओतून दिला. चहा बिनसाखरेचा होता, डॉक्टरांनी सांगितलाय तसा.

"सोयाबीन काढून झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"झालं," आण्णासाहेब तुटकपणे म्हणाले. "तुमी जा की. पोरगी एकटीच हाय तिकडं."

"असू द्या. मी बसतो तुमच्यापाशी."

आण्णासाहेबांनी पलीकडं बघितलं. हर्षाली ओल्या गवतात गुडघे टेकून एका शंखी गोगलगायीचा फोटो काढत होती. यंदा निम्मं शिवार याच गोगलगायींनी खाल्लं, आणि हिला तिचं कौतुक! त्यांना हसू आलं. मग शेजारच्या माणसाचा राग आला. एवढी चांगली मुलगी समोर, आणि हा गडी म्हाताऱ्याला विचारतोय, विहिरीला पाणी किती, रात्री झोप लागते का, काकूंचे पाय दुखायचे थांबले का. बसलाही होता कसा, तर शाळा तपासायला साहेब आल्यासारखा ताठ. शर्टाचा एक खांदा पावसात भिजून काळा पडला होता, तरी छत्री काही आपल्याकडं ओढत नव्हता.

माणूस वाईट नाही, आण्णासाहेबांच्या मनात आलं. पण बावळट दिसतोय. आपणच बोललं पाहिजे.

त्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला, घसा खाकरला. बोलायला गेले आणि अडखळले. ही पोर एकदा दुसऱ्याच्या दारात गेली की तिच्यावर आपला हक्क काय राहणार? तो विचार त्यांनी गिळला.

"सर, माझ्याकडं काय बघत बसलाय मगापासनं?" ते जवळजवळ ओरडलेच. "जरा तिच्याकडं बघा की! लई गुणाची हाय माझी लेक."

अमरसिंह गडबडून उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले. पलीकडं हर्षालीही उभी राहिली होती. कॅमेरा खाली सोडून, पावसात भिजत, ती या दोघांकडंच बघत होती.

"तिच्याकडं वर्षभर बघतोय, आण्णा," अमरसिंह म्हणाले. "आज तुम्ही मला बघावं, म्हणून तिनं तुम्हाला इथं आणलंय."